पत्ता सापडला, पण दारातून आत कसं जायचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘वय 46. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू बंद करून 19 दिवस झाले. औषधं चालू ठेवा आणि एखाद्या सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगला जायला लागा, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंटरनेटवर मिळालेल्या पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप. दुसऱ्या ठिकाणी आत जाऊन बसलो, तिथे देवाबद्दल बरंच बोलणं झालं आणि शेवटी एका जुन्या सभासदांनी बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या सोड, गोळ्या म्हणजे दुसरी दारूच. आता तिसऱ्यांदा जायला पाय उचलत नाही. माझ्यासारख्याने ग्रुप शोधायचा कसा? आणि तिथे कोणी ओळखीचं निघालं तर?’

गोळ्या सोडू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. तुम्ही कोणती औषधं घेताय ते लिहिलेलं नाही, पण नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर ती पिण्याची ओढ कमी करायला, पुन्हा घसरण होऊ नये म्हणून दिलेली असतात. त्यांना ‘दुसरी दारू’ म्हणणं निव्वळ अज्ञान आहे. डायसल्फिराम असेल तर आणखी सांभाळा. ही गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत अंगात राहू शकतो. ‘गोळी तर परवाच सोडली’ म्हणून कोणी प्यायला बसला तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं, हे सगळं होऊ शकतं. त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते ग्रुपचं धोरण नव्हतं, हेही लक्षात घ्या. तुम्ही गेलात तो ग्रुप बहुधा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा असावा. दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांच्या आधारासाठी जिथे जमतात ती ही संस्था, सगळे तिला ए.ए. म्हणतात. तिची औषधांवर स्वतःची पुस्तिका आहे आणि तिचा सूर स्पष्ट आहे: कोणत्याही सभासदाने डॉक्टरकी करू नये. पण खोलीत बसणारी माणसं संस्थेची पुस्तिका वाचून आलेली असतातच असं नाही.

हे उत्तर वाचणाऱ्यांत अजून रोज पिणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी एक परिच्छेद. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, उतारा घेतल्याशिवाय कामाला लागता येत नाही, किंवा पूर्वी दारू थांबवल्यावर आकडी आली होती, भास झाले होते, असं असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. अशा शरीराची दारू एकदम तोडली की 6 ते 24 तासांत त्रास सुरू होतो, आकडी येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, ताप, बडबड असं जिवावर बेतणारं प्रकरण होऊ शकतं. मीटिंगमधली माणसं कितीही मायेची असली तरी आकडी थांबवणं त्यांच्या हातात नाही.

आता कुलपाबद्दल. तुमची चूक काही नाही. हे ग्रुप म्हणजे कार्यालयं नसतात. कुणीतरी तासाभरासाठी एखादी खोली मिळवतं, किल्ली एका स्वयंसेवकाकडे असते. खोली बदलली, वार बदलला, किल्लीवाला आजारी पडला, की यादीतला पत्ता खोटा ठरतो. ए.ए.मध्ये प्रत्येक ग्रुप स्वायत्त असतो. वरून कोणी येऊन यादी तपासत नाही. ग्रुपने कळवलं तर बदल होतो, नाही कळवलं तर जुनाच पत्ता वर्षभर फिरत राहतो. म्हणून शोध घ्यायचा तो संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर. ए.ए.चं ‘मीटिंग गाइड’ नावाचं मोफत अॅप आहे. ज्या भागातल्या सेवा कार्यालयांनी त्याला माहिती जोडली आहे, तिथल्या मीटिंगा त्यात वार आणि वेळेनुसार दिसतात. सर्च इंजिनवर ‘दारू सोडण्यासाठी मदत’ टाकलंत तर सगळ्यात वर बहुतेक जाहिराती येतात. तिथला ‘हेल्पलाइन’ नंबर लावला की समोरचा माणूस तिसऱ्या वाक्यात विमा आहे का, किती दिवस भरती व्हाल, हे विचारायला लागतो. ते खासगी केंद्राचं विक्री खातं असतं. केंद्र कदाचित चांगलंही असेल, पण तुम्ही शोधताय ते हे नव्हे. खऱ्या सपोर्ट ग्रुपला फी नसते. ए.ए.मध्ये मीटिंगच्या शेवटी एक टोपी किंवा डबा फिरतो, सभासद त्यात ऐपतीप्रमाणे काही टाकतात, आणि नवीन माणसाने काहीच टाकलं नाही तरी कोणी वळून पाहत नाही. बाहेरच्यांकडून देणगी ते घेतच नाहीत.

यादीत पत्त्याशेजारी बऱ्याचदा फोन नंबर असतो. बहुतेक लोक पत्ता लिहून घेतात आणि नंबर सोडून देतात. माझ्या मते सगळी गडबड इथेच होते. मी समुपदेशक म्हणून वीसेक वर्षं हे काम करते. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा पेशंटच्या हातात पत्त्यांचा छापील कागद द्यायचे आणि पुढच्या वेळी विचारायचे, ‘गेलात का?’ उत्तर ठरलेलं: ‘या आठवड्यात जमलं नाही, मॅडम.’ मग 1981 मधला सिसन आणि मॅलम्स यांचा एक छोटासा अभ्यास वाचनात आला. पेशंट फक्त वीस होते. दहाजणांना नेहमीप्रमाणे माहिती दिली, पत्ते दिले, जा म्हणून सांगितलं. उरलेल्या दहाजणांसमोर समुपदेशकाने तिथल्या तिथे ए.ए.च्या सभासदाला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं आणि तो सभासद त्यांना पहिल्या मीटिंगला घेऊन गेला. दुसऱ्या गटातले दहाच्या दहा मीटिंगला पोचले. पत्ते घेतलेल्यांपैकी एकही गेला नाही. वीसजणांच्या अभ्यासावर फार मोठी इमारत बांधू नये हे मला कळतं. पण त्या दिवसापासून मी कागद देणं बंद केलं आणि टेबलावरचा फोन पुढे सरकवायला लागले.

एक पेशंट आठवतात. बँकेतली मोठ्या हुद्द्याची नोकरी. चार आठवडे ते दर मंगळवारी मीटिंगच्या इमारतीसमोर गाडी लावायचे, काच वर, इंजिन चालू, आणि आत जाणाऱ्या माणसांकडे बघत बसायचे. साडेआठला घरी. बायकोला सांगायचे, मीटिंगला जाऊन आलो. पाचव्या आठवड्यात माझ्यासमोर बसून त्यांनी ग्रुपचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने फक्त दोन गोष्टी विचारल्या: कोणत्या रंगाची गाडी आहे, आणि आज प्यायला आहात का. त्या संध्याकाळी पाऊस होता. छत्री घेतलेला एक म्हातारा गेटपाशी उभा होता. त्याने येऊन काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, ‘चला, मला एकट्याला खुर्च्या मांडायच्यात.’ हे पेशंटने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते, कारण खुर्च्या मांडण्यात अर्धा तास गेला आणि घाबरायला वेळच मिळाला नाही.

खरं तर ए.ए.चा जन्मच एका फोनमधून झाला. मे 1935. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात कामासाठी गेला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, व्यवहार फसलेला, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीच्या एका टोकाला बार. दुसऱ्या टोकाला फोन आणि चर्चची यादी. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला. मदत मागितली ती अशी की, मला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा आहे. नावांमागून नावं फिरवत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली. डॉक्टरसाहेब आदल्या दिवशीच्या दारूने बेजार होते आणि पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं ठरवून आले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्यानंतरही डॉ. बॉब एकदा घसरले. त्यांचा शेवटचा प्याला 10 जून 1935 चा आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन धरला जातो.

तर फोन करा. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच: ‘मी नवीन आहे. आज मीटिंग आहे का? मी दहा मिनिटं आधी येतो, दाराशी कोणी भेटेल का?’ नाव सांगायची गरज नाही. हा फोन दुपारी करा. संध्याकाळी सातनंतर मन वकिली करायला लागतं. दोनदा नंबर उचलला गेला नाही तर त्या ग्रुपवर फुली मारून पुढचा घ्या. जो ग्रुप फोन उचलत नाही तो नवीन माणसाला सांभाळण्याच्या अवस्थेत बहुतेक नसतो.

फोनवर आणखी एक विचारून घ्या: मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’? क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. ओपन मीटिंगला घरची माणसं, विद्यार्थी, माझ्यासारखे लोक कुणीही बसू शकतात. मी आजवर जे काही पाहिलं ते ओपन मीटिंगमध्येच. बंद दाराआडचं पेशंटकडून ऐकलेलं आहे. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता, कारण ए.ए.च्या तिसऱ्या परंपरेप्रमाणे (परंपरा म्हणजे ग्रुप चालवण्याची त्यांची तत्त्वं) सभासदत्वाची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. सुटलेली असण्याचीही अट नाही. पहिल्या खेपेला मी ‘स्पीकर मीटिंग’ सुचवते. त्यात एक-दोन माणसं आपली कहाणी सांगतात, बाकीच्यांनी ऐकायचं. ‘स्टेप मीटिंग’मध्ये बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांपैकी, एकीवर चर्चा असते, आणि 1939 साली निघालेल्या त्यांच्या मूळ पुस्तकाच्या वाचनाच्याही मीटिंगा असतात. नवख्याला तिथे परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात शिरल्यासारखं वाटतं. तुम्ही बसलात ती मीटिंग बहुधा अशीच एखादी असावी.

देवाचं काय? बारा पायऱ्यांत देव आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘आम्हाला समजला तसा देव’ अशी सवलत त्यात आहे, पण देव आहे. मी अनेक नास्तिकांना ए.ए.त वर्षानुवर्षं टिकलेलं पाहिलंय. त्यातले काही ‘उच्च शक्ती’ म्हणजे समोर बसलेला ग्रुप असं धरतात आणि पुढे जातात. बऱ्याच ठिकाणी नास्तिकांचे, प्रार्थना न म्हणणारे ए.ए. ग्रुपही आहेत. पण दर मीटिंगला दात-ओठ खात बसायचं असेल तर दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी 1994 पासून चालू आहे. तिथे अध्यात्म नाही. विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर काम चालतं, प्रशिक्षित संचालक असतो आणि लोक एकमेकांच्या बोलण्यावर प्रतिक्रिया देतात. ए.ए.मध्ये एकाचं ‘शेअरिंग’ चालू असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. ज्यांना आयुष्यभर सल्लेच मिळाले त्यांना ए.ए.तली शांतता औषधासारखी लागते, आणि ज्यांना ‘मग मी उद्या ऑफिसच्या पार्टीत करू काय?’ याचं उत्तर हवं असतं त्यांना स्मार्ट बरं पडतं. बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. जीन कर्कपॅट्रिक यांनी ती 1970च्या दशकात सुरू केली, कारण पुरुषांनी भरलेल्या खोलीत बाईचं दुखणं पूर्ण बोलता येत नाही असा त्यांचा अनुभव होता. बुद्धाच्या शिकवणीवर आणि ध्यानावर चालणारी रिकव्हरी धर्मा आहे. यातलं काय तुमच्या आसपास भरतं ते शोधल्याशिवाय कळणार नाही, पण या सगळ्यांच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत.

ऑनलाइनबद्दल माझं मत थोडं सावध आहे. रात्री दोन वाजता जीव कासावीस झाला तर जगात कुठेतरी मीटिंग चालू असते, आणि कॅमेरा बंद ठेवूनही ऐकता येतं. ही फार मोठी सोय आहे. गावात ग्रुपच नसेल, पाय अधू असतील, घरी लहान मूल असेल, तर तीच खरी मीटिंग. पण कॅमेरा बंद ठेवून तीन महिने ऐकणारा माणूस मला पुन्हा त्या बंद काचेच्या गाडीची आठवण करून देतो. ऑनलाइन राहायचं तर निदान एका मीटिंगमध्ये चेहरा दाखवा आणि एका माणसाशी नंतर फोनवर बोला.

आता ओळखीचं कोणी भेटलं तर. एक क्षण विचार करा, तो तिथे कशाला आला असेल? दोघांचीही झाकली मूठ एकमेकांच्या हातात असते, त्यामुळे ती सहसा उघडत नाही. नाव म्हणाल तर फक्त पहिलं, तेही हवं ते. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही. ग्रुपमधली गुप्तता ही परंपरा आहे, कायदा नाही. मी पेशंटचं बोलणं बाहेर नेलं तर माझ्या व्यवसायाचे नियम मला धरतात. खुर्चीत शेजारी बसलेल्या माणसावर तसं बंधन नाही. म्हणून कोर्टात चालू असलेली प्रकरणं, दारूच्या नशेत चालवलेल्या गाडीचा न उघडकीस आलेला अपघात, नोकरीतले पैशांचे घोळ, हे भरल्या खोलीत बोलू नका. त्यासाठी वकील आहे, समुपदेशक आहे. खोलीत पिण्याबद्दल बोला, आजच्या दिवसाबद्दल बोला.

बोलायलाच हवं असंही नाही. तुमची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणा. ‘मी दारुडा आहे’ असं म्हणण्याची सक्ती कुणी करत नाही, बाकीचे म्हणतात म्हणून ती सक्ती वाटते. दाराजवळची खुर्ची धरू नका, मधली घ्या. आणि मीटिंग संपल्यावर लगेच सटकू नका. ती पुढची दहा-पंधरा मिनिटं, खुर्च्या उचलताना, पायऱ्यांवर उभं राहून होणारं बोलणं, त्यातच फोन नंबर मिळतात. तीन नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी, काही अडचण नसताना फोन करा. अडचण नसताना ज्याला फोन केलेला नाही त्याला अडचणीत फोन होत नाही.

एखाद्या दिवशी प्यायलात तरी जा. गाडी चालवू नका, शांत बसा, बोलू नका. बहुतेक ग्रुप बसू देतात.

किती मीटिंगा झाल्यावर ठरवायचं? माझा हिशेब संशोधनातला नाही, अनुभवातला आहे: निदान तीन वेगळे ग्रुप, प्रत्येकी दोनदा. पहिल्या खेपेला माणूस इतका धास्तावलेला असतो की तो ग्रुप पाहतच नाही, स्वतःलाच पाहत असतो. ‘90 दिवसांत 90 मीटिंगा’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो संस्थेचा नियम नाही, खोल्यांमध्ये चालत आलेला सल्ला आहे. नोकरी-संसार सांभाळून तो सगळ्यांना झेपत नाही. पण त्यात एक तथ्य आहे. तुमची पिण्याची जी वेळ होती, नेमकी तीच वेळ भरायची असते. तुम्ही आठला प्यायला बसत असाल तर सकाळी सातच्या मीटिंगपेक्षा रात्री आठची कामाची.

ग्रुप लगेच सोडावा अशी कारणं मोजकीच आहेत. औषधं बंद करायला लावणारा ग्रुप. एक माणूस चुकला तर दुसऱ्यांकडे बघा. ते त्याला अडवतात का, मान डोलवतात का? दुसरं, पैशाची मागणी, उसनवारी, धंद्यातली भागीदारी. तिसरं, नव्याने आलेल्या, अजून सावरत असलेल्या माणसाशी लगट करणारे जुने सभासद. हे होतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या चढताना सोबत करणारा जुना सभासद, निवडताना म्हणूनच पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई असा प्रघात आहे. स्पॉन्सरला पदवी नसते, तो डॉक्टर नाही, लग्न जुळवणारा-मोडणारा नाही, आणि तो बदलता येतो. पहिल्या महिन्यात तात्पुरता घ्या.

तुमच्या डॉक्टरांनी औषध आणि मीटिंग दोन्ही सांगितलं ते बरोबरच आहे. 2020 मध्ये कोक्रेन या, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला, 27 अभ्यास आणि 10,565 माणसं. ए.ए. आणि तिकडे माणसाला पद्धतशीर जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले 42 टक्के, इतर उपचारांत 35 टक्के. आकडा जादूचा नाही. निम्म्याहून जास्त लोक दोन्हीकडे पूर्ण कोरडे राहिले नाहीत. तरीही, फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक थोडा नव्हे.

घरी कोणी या सगळ्यात होरपळलं असेल तर त्यांचे वेगळे ग्रुप आहेत: 1951 पासूनचं अल-अॅनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी अलटीन. तुम्ही जा न जा, ते जाऊ शकतात.

आणि हो, वाचायचा चष्मा बरोबर ठेवा. बऱ्याच मीटिंगांच्या सुरुवातीला एखादा कागद मोठ्याने वाचायला नवीन माणसाच्या हातात देतात. नको असेल तर शेजाऱ्याकडे सरकवा, त्यालाही कोणी काही म्हणत नाही.